डाव्या पंखावरचं टोपण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विमान संग्रहालयाचे संचालक, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, कार्यशाळेतले माझे सोबती, हातातली कामं टाकून आलेले तुम्ही सगळे, पहिल्या रांगेतल्या आमच्या काकू, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते आजचे उत्सवमूर्ती, आमचे मास्तर,

तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी काही भाषणं ठोकणारी बाई नाही. माझ्या तोंडाला माइकपेक्षा मास्कची सवय जास्त. निरोपाचं भाषण एखाद्या जाणत्या वक्त्याने करावं असं संचालकसाहेबांचं म्हणणं होतं, पण मास्तर अडून बसले. "ती बोलणार असेल तरच मी हार घालून घेईन," म्हणाले. तेव्हा कंटाळा आला तर बोल त्यांना लावा, मला नको.

आमच्या मास्तरांना सगळे थेंबमास्तर का म्हणतात, हे बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सांगायला हवं. आम्ही विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवतो आणि रंगवतो. अ‍ॅक्रिलिक रंग बाटलीतून येतो तो दाट. तसाच एअरब्रशमध्ये, म्हणजे रंग फवारायच्या पेनात, ओतला तर तोंडाशी सुकून बसतो आणि विमानावर थुंकल्यासारखे ठिपके उडवतो. फार पातळ केला तर पंखावरून ओघळतो. मग मधलं माप कोणतं? पुस्तकात दिलेलं असतं. मास्तर पुस्तक मिटून ठेवायचे. दहा थेंब रंग, सहा थेंब थिनर, आणि मग कपाच्या कडेवरून एक थेंब सोडून बघत बसायचं. दुधासारखा उतरला, मागे फिका पडदा राहिला, की जमलं. हवा दमट असेल तर सहाचे पाच. मी एकदा आगाऊपणा केला, "मास्तर, साडेपाच चालतील का?" तर म्हणाले, "थेंब अर्धा करून दाखव, मग चालतील." काकू हसतायत, कारण घरी खोकल्याचं औषधसुद्धा ते ड्रॉपरने मोजून घेतात.

त्यांचा दुसरा नियम कार्यशाळेच्या भिंतीवर पाटी करून लावलेला आहे. 'आधी भोकं झाका.' नवीन माणूस ती पाटी वाचून हसतो, मीही हसले होते. विमानाच्या अंगावर जितकी बारीक भोकं असतील तितकी टेपने झाकायची, मगच रंगाला हात लावायचा. एकदा माझी एक टेप राहिली. टाचणीच्या टोकाएवढं भोक हो! मास्तरांनी तीन आठवड्यांचं काम धुऊन टाकायला लावलं. मी ढसाढसा रडले. तेव्हा शेजारी उभे राहून ते म्हणाले, "खेळण्यातलं आहे म्हणून नुसतं रडून भागतंय." मला तेव्हा हे वाक्य कळलं नाही. वाटलं, म्हातारा खडूस आहे.

माझा पहिला दिवस सांगते. सात वर्षं झाली. मी रंगाची बाटली बंद केली, झाकणावर अंगठा दाबला आणि सवयीने म्हटलं, "बसलं." पलीकडे मास्तरांच्या हातातून एअरब्रश पडला. ज्या हातातून कधी थेंब चुकत नाही, त्या हातातून एअरब्रश! त्याची सुई वाकली. मला म्हणाले, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "घरी. बाबांची सवय. आमच्याकडे झाकण असं दाबल्याशिवाय बंद झालं असं कुणी मानत नाही." "बाबा काय करायचे?" "विमानतळावर मेकॅनिक होते." त्या दिवशी मास्तर अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

आता बाबांचा विषय निघालाच आहे, तर दोन शब्द बोलते. विषयांतर वाटलं तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

बाबा ज्या विमानतळावर होते तिथून टपाल नेणारं एक छोटं, एका इंजिनाचं विमान उडायचं. मी चार वर्षांची असताना एका सकाळी ते उडालं, चाळीस मिनिटांत इंजिन बंद पडलं, विमान डोंगरावर कोसळलं आणि वैमानिक जागच्या जागी गेला. चौकशीत डाव्या पंखातल्या टाकीचं टोपण सापडलं नाही. टोपण नीट लावलं नव्हतं, इंधन हवेत उडून गेलं, असं ठरलं. इंधन भरून टोपण लावणारे बाबा. नोकरी गेली. शेजारीपाजारी बोलायचे बंद झाले.

पहिली काही वर्षं बाबा म्हणायचे, "मी दाबलं होतं." मग म्हणायला लागले, "दाबलं असेल." शेवटी शेवटी मलाच विचारायचे, "मी दाबलं होतं ना गं?" जेवताना तीनतीनदा उठून डब्यांची झाकणं दाबून यायचे. मी म्हणायचे, "हो बाबा, दाबलं होतं." पण चार वर्षांच्या मुलीची साक्ष कोण धरणार? त्यांनीही नाही धरली. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. माझी आई आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला असल्या कार्यक्रमांचा मनस्वी तिटकारा, पण आज स्वतःहून आली.

बरं, मास्तरांकडे वळते. आत्ता मानपत्र वाचलं गेलं, फार सुंदर लिहिलंय. त्यात आहे की इथे येण्याआधी मास्तर नऊ वर्षं एका विमानतळावर रंगारी होते. कोणत्या, ते मानपत्रात नाही. काकूंनाही ते धड माहीत नव्हतं.

दुसऱ्या दालनातलं टपाल विमान तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. खऱ्याच्या चोवीसपट लहान. मी कामावर आले त्याच आठवड्यात मास्तरांनी ते माझ्यापुढे ठेवलं. "याचा रंग काढ आणि नव्याने मार. तुझा हात लागू दे." मी साबणाने धुतलं, हातमोजे घातले, अस्तर मारलं, थेंब मोजले, चार पातळ हात दिले. दुसऱ्या दिवशी डाव्या पंखावर, इंधनाच्या टोपणापाशी, खसखशीच्या दाण्याएवढा डाग. अ‍ॅक्रिलिकचा हा स्वभावच आहे, बोटाचं तेल लागलं की तिथे तो धरत नाही. बोट कुणी लावलं म्हणून मी सगळ्या सोबत्यांची शाळा घेतली, त्याबद्दल आज जाहीर माफी मागते. धुतलं, पुन्हा मारलं. पुन्हा तोच डाग, त्याच जागी. मास्तर लांबून बघायचे. दरवर्षी एकदा मी ते विमान नव्याने रंगवत गेले आणि दरवर्षी डाग आला.

या वर्षी मला राहवलं नाही. जतन विभागातल्या ताईंकडचा सूक्ष्मदर्शक मागून आणला. डाग नव्हता तो. अंगठा होता. अंगठ्याच्या सगळ्या रेषा स्पष्ट होत्या आणि मधून तिरका व्रण गेलेला होता. तुम्ही म्हणाल, उमटला असेल कुणाचा तरी. अहो, पण कुणाचा? चोवीसपट लहान अंगठा जगात कुणाला असतो? तेच विमान खरं असतं, तर तो ठसा बरोबर माणसाच्या अंगठ्याएवढा झाला असता.

पत्रा लागून बाबांचा अंगठा तिरका फाटला होता. मी आईला इथे घेऊन आले. तिने त्या नळीला डोळा लावला, बराच वेळ काढला नाही. मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, "यांचाच आहे." खरं सांगते, भीती वाटली तेवढाच आनंदही झाला.

अजून एक सांगते आणि आवरतं घेते. टोपणाला एक बारीक भोक असतं. प्रतिकृतीलाही आहे. ठशाच्या खाली ते रंगाने बुजलेलं दिसलं. मी तर टेप लावली होती! तारेने मोकळं केलं, कपाट बंद केलं, किल्ली पर्समध्ये टाकून घरी गेले. सकाळी पुन्हा बुजलेलं. चार दिवस चारदा मोकळं केलं, चारही वेळा बुजलं.

मी मेकॅनिकची मुलगी आहे, एवढं मला कळतं. टाकीतलं इंधन खाली जातं, तशी त्या भोकातून हवा आत येते. भोक बुजलं तर टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी मरतं. टोपण काय, विमान आपटल्यावर डोंगरात कुठेही उडालं असेल. आणि टोपणावरच्या ओल्या रंगात अंगठा उमटायचा तर तो टोपण दाबतानाच उमटणार.

मी मास्तरांपुढे जाऊन उभी राहिले. विचारलं, "मास्तर, त्या सकाळी रंग ओला होता का?" त्यांनी हातातला एअरब्रश धुतला. धुतलेला पुन्हा धुतला. मग म्हणाले, "तू यायच्या आधी मी एकोणीस वेळा धुतलंय ते विमान. नवा सांगाडा आणला, तरी तेच. मला वाटलं, निदान तुझ्या हाताने तरी धरेल." मी म्हटलं, "मी काय विचारलं?" तर म्हणाले, "निवृत्त होऊ दे मला. चारचौघांत सांगतो." याला तीन महिने झाले.

मास्तर, मला तुमचा राग आहे. फार आहे. आणि मला जे काही येतं ते तुम्ही शिकवलंत, दमट दिवसाच्या पाचव्या थेंबापर्यंत, हेही तितकंच खरं आहे. मी कुणाची मुलगी हे पहिल्या दिवशीच कळूनही शिकवलंत. या दोन्ही गोष्टींचं काय करायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

संग्रहालयातर्फे मास्तरांना द्यायची भेट टेबलावर, कापडाखाली आहे. होय, तेच विमान. निवड त्यांचीच. चार दिवसांपूर्वी मी त्याला शेवटचा हात दिला, दहाला सहा थेंब, हवा कोरडी. अ‍ॅक्रिलिक वीस मिनिटांत हाताला लागेनासा होतो. हे विमान टोपणापाशी अजून ओलं आहे. संचालकसाहेब, देताना तेवढा डावा पंख सांभाळा.

काकू, तुम्ही रडू नका. पाणी द्या रे कुणीतरी त्यांना.

आता आभार. अध्यक्षांनी मला वेळ दिला, सोबत्यांनी सभागृह सजवलं, आणि तुम्ही सगळ्यांनी चुळबूळ न करता ऐकून घेतलंत, तुमचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं गेलं असेल, मानअपमान झाला असेल, तर लेकीचं बोलणं समजून पोटात घाला. मास्तर, तुमचंही पोटात घालायची माझी तयारी आहे. पण त्या सकाळचं मी सांगून उपयोग नाही. मी तेव्हा चार वर्षांची होते.

साडेपाच वाजून गेलेत, म्हणजे तुम्ही आता निवृत्त आहात. माइक इथेच ठेवते. आईला हल्ली जरा कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्याने सांगा.

दाबलं होतं ना त्यांनी?