भिंतीपलीकडची कॉफी

आणि वर तात्या मलाच म्हणतात, ‘‘शैला, तशी कॉफी आपल्या घरात व्हायची नाही!’’ आता तुम्हीच सांगा, केल्याशिवाय कशी होईल? तात्या म्हणजे माझे वडील, तारापूरच्या बांधकामावर कारकून. संध्याकाळी बोईसरच्या आमच्या खोलीवर येतात, हातपाय धुतात, ‘‘अभ्यास झाला?’’ विचारतात, मी ‘‘हो’’ म्हणते, की लगेच चपला घालून शेजारच्या खोलीत... सुंदरेशनांकडे! त्यांच्याच ऑफिसातले, मद्रासकडचे, एकटेच राहतात. मग भिंतीतून आधी कर्र कर्र दळण्याचा आवाज, मग तो वास, आणि मग हसणं. माझ्या तात्यांचं! आई गेली त्याला दोन वर्षं झाली, आमच्या खोलीत ते हसणं मी ऐकलंच नाही हो. तात्या हसतात... पण भिंतीपलीकडे.

म्हटलं, कॉफीच हवी ना? मग आपण करू! घरी कॉफी झाली तर तात्या घरी बसतील, बसले तर बोलतील, आणि बोलता बोलता एखादे वेळी... असो.

पण शिकायची कुणाकडून? सुंदरेशनांना विचारू? मी? अहो, हजेरीला ‘‘हजर’’ म्हणताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही! माहीमच्या जयवंती आत्याला विचारलं, तर म्हणते कशी, ‘‘दूध उकळायचं, साखर घालायची, आणि जायफळ सढळ हाताने. कॉफी म्हणजे जायफळच गं!’’ शेवटी भागी कामाला आली. ती दोन्ही घरची भांडी घासते. हात नाचवत म्हणाली, ‘‘तो पितळंचे दोन डबे एकावर एक ठेवतो. वरच्याला भोकां हायत. त्यात भुकटी टाकतो, वर कडकडीत पानी, मंग खाली काला काला थेंब थेंब. मना वाटला, बिचाऱ्याला कसला दुखना हाय!’’

झालं! रिकाम्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली. पालघरच्या वाण्याने मुंबईहून कच्च्या बिया मागवून दिल्या. तव्यावर भाजल्या, आणि वाटल्या कशावर? पाट्यावर! पाटा तीनदा धुतला होता, देवाशपथ. तात्यांनी घोट घेतला, पेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘‘आज बोंबलाची चटणी आहे का गं?’’ आणि गेले शेजारी.

मग जातं काढलं. असं पीठ पडलं, असं पीठ, की डब्यातून एक थेंब खाली उतरेल तर शपथ! वर चार दिवस तांदळाच्या भाकरी खाकी रंगाच्या. तात्या मुकाट्याने खायचे, आणि हसायचे... भिंतीपलीकडे!

एक दिवस भागीने सुंदरेशनांचा डबा घासायला बाहेर आणला. तळाशी चोथा होता. बोटांत चोळून बघितला, तर रवा! पीठ नकोच होतं हो, रवा हवा होता! मग खलबत्ता. चिमूट चिमूट बिया घ्यायच्या, हलक्या हाताने कुटायच्या, चाळायच्या, राहिलेल्या पुन्हा कुटायच्या, आणि मांडीवर भूगोलाचं पुस्तक. कमी भाजल्या की आंबट वास, जास्त भाजल्या की कोळसा... त्या आठ दिवसांत मी माणसांशी बोलले नसेन एवढं त्या बियांशी बोलले. तेवढ्याच ऐकून घेत होत्या!

आणि परवा जमलं. काळाभोर अर्क उतरला, दूध ओतलं, उंचावरून खालीवर करून फेस काढला. तात्यांनी उभ्याउभ्याच घोट घेतला. थांबले. आणि बसले! पायातली चप्पल काढून बसले! दुसरा घोट घेतला आणि हसले हो... भिंतीच्या अलीकडे!

‘‘अगं शैले, ही तर त्याच्याहून सरस!’’

मी तोंड उघडलं. दोन वर्षांचं साठलेलं, कुठून सुरू करू... तोच म्हणाले, ‘‘दोन पेले दे बघू.’’ दोन! एक त्यांचा, एक माझा! धावत आणले. तात्यांनी एका हातात कॉफीचं भांडं घेतलं, दुसऱ्या हातात पेले, आणि पाय चपलांत सरकवले. ‘‘आता बघच, कशी जिरवतो त्या सुंदरेशनची!’’ दारात वळले. मला वाटलं, ‘‘तूही चल’’ म्हणतील.

‘‘उद्यापासून जरा जास्तच कर हं.’’

‘‘हो,’’ म्हटलं मी.

खालच्या डब्याच्या तळाला घोटभर उरली होती. एवढ्या खटाटोपात मी स्वतः चाखलीच नव्हती, म्हणून प्यायले. तुम्हाला म्हणून सांगते... कडू असते हो ती. मला नाही आवडली.