पूनम लहानेच्या रायफलीचा ट्रिगर

जबाब

नाव : जानराव पुंडलिक अंभोरे, वय ६१ वर्षे, धंदा : शेती व रायफल नेमबाजीचे प्रशिक्षण, पूर्वी सैन्यात शस्त्रदुरुस्ती विभागात सुभेदार, रा. बुलढाणा.

आज दसऱ्याच्या दिवशी ठाण्यात बोलावल्यावरून मी हजर झालो. पोलीस उपनिरीक्षक सारिका मॅडम विचारत आहेत तसे मी तोंडी सांगत आहे व त्या लिहून घेत आहेत, ते असे की,

सहदेव मोतीराम जुमडे हा जिवंत आहे. त्यास गोळी लागलेली नाही. मी इकडे निघालो तेव्हा तो दवाखान्यात खाटेवर बसून चहासोबत बिस्कीट का नाही म्हणून नर्सबाईंशी भांडत होता. हे सगळ्यात आधी लिहा, असे मी म्हटले. मॅडम म्हणाल्या, काका, क्रमाने सांगा. तर आता क्रमाने सांगतो. पण सकाळपासून जीव टांगणीला लागला होता, तो आत्ता कुठे खाली आला आहे, म्हणून मध्ये काही जास्तीचे बोललो तर सांभाळून घ्यावे.

माझी शहराबाहेर स्वतःच्या शेतात परवानगी घेतलेली रायफल रेंज आहे. तिथे पूनम दीपक लहाने, वय २६, रा. जानेफळ, ता. मेहकर, ही सरावाला येते. तिचा पती दीपक नोकरीनिमित्त बाहेर असतो. तिच्या नावे पॉइंट टू-टू, म्हणजे बारीक गोळीच्या, रायफलीचा परवाना आहे. ती घरच्या गाडीने स्वतः गाडी चालवत येते आणि सोबत तिची सासू वच्छलाबाई उत्तमराव लहाने येतात. वच्छलाबाई सराव संपेपर्यंत लिंबाखाली बसून असतात व सुनेचा नेम चुकला की माझ्याकडे रागाने पाहतात. पुढच्या आठवड्यात पूनमची पुण्याला राज्याची निवड चाचणी आहे. आज तिच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला तर परवाना जाईल, रायफल जमा होईल आणि चाचणीही गेली. म्हणून मी जे सांगतो ते पूर्ण लिहावे.

या रायफलीचा ट्रिगर मी मागच्या आठवड्यात जुळवून दिला. आधी तो कडक होता व शेवटी अडखळत होता. बोट जोर लावी, नळी हले, आणि गोळी मधल्या ठिपक्याच्या उजवीकडे जाई. पोरगी रडकुंडीला आली होती. नेमबाजीत ट्रिगर असा पाहिजे की बोटाने नुसते मनात आणावे आणि गोळी सुटावी, पण मनात आणल्याशिवाय सुटू नये. हे दोन्ही एका छोट्या दातावर अवलंबून असते. हा दात आतल्या पिनेला अडवून धरतो. ट्रिगर ओढला की दात सरकतो, पिन पुढे जाते, गोळीच्या बुडाच्या काठावर मारते आणि बार होतो.

मी रिकाम्या रायफलीच्या ट्रिगरला दोरीने तांब्या टांगला व त्यात हळूहळू पाणी ओतत गेलो. खट् आवाज झाला की थांबायचे, आणि तांब्या काट्यावर ठेवून वजन पाहायचे. सैन्यात वजने असतात, इथे तांब्या आहे, काम तेच. पाव किलोपेक्षा जरा कमी ठेवले. पूनम म्हणाली, "काका, अजून थोडा हलका करा ना." मी म्हटले, "नाई. याच्या खाली गेलो तं कोनी शिंकलं तरी उडन. नेम मारायचा हाय का जीव घ्यायचा हाय?" ती तोंड फुगवून बसली. मग मी बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून कोंडणारा मागचा दांडा, जोराने आपटून बंद केला, रबरी हातोडीने लाकडी दस्ता ठोकला, सगळीकडून ठोकला. पिन सुटली नाही. शेवटी स्क्रू हलू नये म्हणून त्याच्या डोक्यावर पूनमच्याच नेलपॉलिशचा थेंब लावला. ही माझी नेहमीची पद्धत आहे. कोणी स्क्रू फिरवला तर पॉलिश तडकते व लगेच कळते. पॉलिश गुलाबी रंगाचे आहे.

काल खंडेनवमी होती. आमच्या भागात त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची व अवजारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, पाण्याची मोटर, शिलाई मशीन, मोटारसायकल, जे कामाला येते ते सगळे. लहाने यांच्या घरी पाटावर रायफलही मांडली. पूनमने बोल्ट काढून गोळ्यांसोबत कपाटात कुलपात ठेवला होता. म्हणजे पाटावर होती ती बंदूक नसून नुसते लाकूड-लोखंड होते. परवान्याच्या दृष्टीने तिची यात काही चूक नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. पूजेत पुढे काय झाले ते मला आज दुपारी कळले, ते त्या ठिकाणी सांगेन.

आज सकाळी दोघी रेंजवर आल्या. सणाच्या दिवशी सराव कशाला, असे मी म्हटले होते, पण वच्छलाबाई म्हणाल्या, "दसऱ्याले हत्यार चालवाच लागते, भाऊ." मी लाल झेंडा वर केला. पूनम चटईवर पालथी झोपली. रिकाम्या रायफलीवर ट्रिगर तपासला, बरोबर होता. पहिल्या काही गोळ्या सुरेख गेल्या. मी दुर्बिणीतून पाहत होतो व मनात म्हणत होतो की पोरगी पुणे गाजवते. त्यानंतर तिने पुढची गोळी भरून बोल्ट पुढे ढकलला आणि तो बंद होताच, बोट ट्रिगरच्या बाहेर असताना, बार झाला. तिचे बोट बाहेर होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मी बाजूलाच उभा होतो. नळी टार्गेटच्या दिशेने होती पण नेम घेतलेला नसल्याने थोडी वर होती. समोरच्या मातीच्या बांधाच्या माथ्यावरून धूळ उडाली.

आणि बांधाच्या मागून आरोळी आली, "मेलो रे बाप्पा! मले गोळी लागली!"

बांधाच्या मागे काटेरी तारेपलीकडे आपट्याचे झाड आहे. शेजारच्या शेताचा राखणदार सहदेव जुमडे त्यावर चढून दसऱ्यासाठी पाने तोडत होता. लाल झेंडा वर असला की बांधामागे यायचे नाही, हे त्याला मी बोंबलून बोंबलून सांगितले आहे. तो दर वेळी म्हणतो, "हाव ना भाऊ," आणि दर वेळी येतो. असा भैताड माणूस दुसरा नाही. मी धावत गेलो तर तो तारेजवळ आडवा पडला होता, मांडीतून रक्त येत होते, आणि मांडीवर एक बारीक गोल भोक होते. मॅडम, मी फौजेत जखमा पाहिल्या आहेत. पॉइंट टू-टूचे भोक तसेच दिसते. मनात एकच आले की ट्रिगर मी जुळवला आणि या माणसाला मी मारले.

पूनमने रायफल रिकामी करून बाजूला ठेवली. त्यांची गाडी मी चालवली. सहदेव मागच्या सीटवर वच्छलाबाईंच्या मांडीवर डोके ठेवून निरवानिरव करत होता. "जानराव भाऊ, माही भुरी म्हैस विकू नोका. बायकोले सांगा, राग धरू नोको मनाव." वच्छलाबाई त्याच्या तोंडावर पाणी मारत होत्या व म्हणत होत्या, "काई होत नाई तुले, चूप राय." पूनम पुढच्या सीटवर होती. दवाखान्याच्या दारात उतरताना ती म्हणाली, "काका, मी आता रायफलीले हात नाई लावनार."

डॉक्टरांनी मांडीचा एक्स-रे फोटो काढायला सांगितला. आम्ही बाकावर बसलो. अशी वाट पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये असे मी देवाजवळ मागतो. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आत गोळी नाही. गोळी लागलेलीच नाही. हा तारेचा काटा घुसला आहे. पाय थोडा मुरगळलाय. धनुर्वाताचं इंजेक्शन देतो." म्हणजे सहदेव बार झाल्याच्या आवाजाने दचकून झाडावरून सटकला व काटेरी तारेवर पडला. गोळी बांधाच्या माथ्यातच रुतली होती. मॅडमनी जागेवर येऊन ती खूण पाहिली आहे. मी भिंतीला टेकलो व मोठ्याने रडलो, याची मला लाज नाही. सहदेवला आतून हे ऐकू गेले तेव्हा तो म्हणाला, "लागलीच नाई? मंग मी एवढा वरडलो कायले?" त्यावर वॉर्डातले लोकसुद्धा हसले. सहदेवची कोणाविरुद्ध तक्रार नाही, उलट झाडावर चढल्याबद्दल त्याने माझी माफी मागितली. मी त्याला चार शब्द सुनावले आहेत, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

दवाखान्याने नियमाप्रमाणे पोलिसांना कळवले होते. त्यांनी विचारले तेव्हा पूनमने सांगितले की, "ट्रिगरचा स्क्रू मी घरी स्वतः फिरवला, काकांना माहीत नव्हते, सगळी चूक माझी." हे ऐकून मला धक्का बसला. रागही आला. मी म्हटले, "काऊन खोटं बोलून राह्यली वं तू?"

म्हणून मी मॅडमना विनंती केली की माझ्यासमोर ट्रिगर उघडावा. रेंजवरून जप्त केलेली रायफल ठाण्यात टेबलावर आणली. दोन पंच बसले. बोल्ट काढून, रिकामी असल्याची खात्री करून मी ट्रिगरची पेटी खोलली. स्क्रूवरचे गुलाबी पॉलिश जसेच्या तसे होते, कुठे तडा नव्हता. म्हणजे पूनमने स्क्रूला हात लावलेला नाही. मग तो बारीक दात पाहिला. त्याच्या भोवती लालसर पिवळी चिकट खळ बसली होती, हळद-कुंकू तेलात कालवल्यासारखी. त्यामुळे दात हळू परतत होता व दर गोळीला आणखी चिकटत होता. शेवटी त्याने पिनेला पूर्ण अडवलेच नाही, आणि बोल्ट बंद होताच पिन सुटली.

वच्छलाबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिले व तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "हे तं माह्या दिव्यातलं तेल हाय!" त्यांनी सांगितले ते असे की, काल पूजा झाल्यावर पूनम नैवेद्य आणायला स्वयंपाकघरात गेली. वच्छलाबाई दर खंडेनवमीला शिलाई मशीनला व मोटरला पूजेनंतर तेल देतात, म्हणजे वर्षभर यंत्र कुरकुरत नाही. सुनेची चाचणी आहे म्हणून त्यांनी पूजेच्या दिव्यातले गोडेतेल ट्रिगरच्या फटीत दोन बोटांनी सोडले, आणि हळद-कुंकवाचे बोट त्यातच बुडाले होते. हे त्यांनी सुनेला सांगितले नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नाही. त्या विचारत होत्या, "मायबाई, म्हंजे म्या त्याले मारलं असतं?" मॅडमनी त्यांना खुर्ची दिली व पाणी दिले.

पूनमला हे केव्हा कळले, असे मॅडमनी विचारले. तेव्हा ती बोलली. रायफल बाजूला ठेवताना तिच्या बोटाला लाल तेल लागले होते. सासू दर खंडेनवमीला यंत्रांना तेल देते हे ठाऊक असल्याने तेव्हाच तिला समजले. चौकशीत सासूचे नाव येईल, म्हणून तिने स्क्रूची गोष्ट रचली. "पोलिसात आईच्या नावाचा कागद नको," एवढेच ती म्हणाली. ती सासूला आई म्हणते. ती सरावाला येते म्हणून गावात लोक नावे ठेवत होते तेव्हा हीच बाई तिच्यासोबत गाडीत बसली, हे मला माहीत आहे, म्हणून सांगतो. या ठाण्याच्या ओट्यावर सासू-सुना एकमेकींची नावे लिहून द्यायला येतात. आपलेच नाव लिहा म्हणून भांडणाऱ्या दोघी मी पहिल्यांदा पाहिल्या.

मत विचारल्यावरून सांगतो की, ट्रिगर जुळवण्यात दोष नव्हता व पूनमने कोणताही नियम मोडलेला नाही. तिने नळी टार्गेटकडेच ठेवली होती, म्हणून आज माणूस वाचला. पेटी मी पंचांसमोर धुऊन पुसून परत बसवली व तांब्या टांगून तपासली. ट्रिगर आता जसा होता तसा आहे. मॅडम म्हणाल्या की, प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नाही. ठाणेदार साहेबांची सही झाली की रायफल उद्या परत मिळेल. पूनमने हे ऐकले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून विचारले, "काका, उद्या सराव ठेवायचा का?" मला एवढे बरे वाटले की मी नुसती मान हलवली.

हा जबाब मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोघी दारात उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांना कोणी हटकले नाही. पूनमने स्क्रू फिरवला नाही, या ठिकाणी वच्छलाबाई म्हणाल्या, "हाव, हे बराबर हाय." तेलाच्या ठिकाणी पूनम म्हणाली, "मॅडम, एवढं खोडा ना." त्यावर वच्छलाबाईंनी तिचा हात धरला व म्हणाल्या, "लिहू दे वं. कागद माह्या नावानं जाऊ दे. तू पुण्याले जाय."

ते खोडलेले नाही. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, मला मान्य आहे. खालची सही थोडी वाकडी आली आहे, डोळे भरून आल्याने तशी आली, पण ती माझीच आहे.

(सही) जानराव पुंडलिक अंभोरे