चौदा नंबरचा फोटो

सकाळी साडेनऊ. वडवणी बसस्थानकात बीडची गाडी अजून लागली नव्हती. मागच्या बाकावर लॅपटॉप घेतलेली एक तरुणी आणि तिच्या गावचा दुकानदार बोलत होते.

“अंजली, हे समदं मोबाइलवर केलंस?”

“बांबूला मोबाइल बांधला, अप्पा. दर दहा पावलांवर गोल फिरून फोटो काढले. हा बाण दाबत ऱ्हावा, आमच्या गल्लीतून चालल्यावानी दिसतं.”

“पण सायबाला कावून दाखवायचं?”

“आज बाराला बीडला अतिक्रमणाची सुनावणी हाय. रस्ता मोकळा हाय, असं तुमी लिहून दिलंय.”

“माझी शेड लई मोठी दिसायलीय त्यात.”

“हाय तेवढीच हाय. तिच्यापाशी अँब्युलन्स अडकली, म्हणून आजारी पारूआजीला बाजेवर न्ह्यावं लागलं.”

“बरं, तेवढा शेडचा चौदा नंबरचा फोटो उडव. बाकीचे दाखव.”

“एक उडवला की बाण तिथंच थांबतो, अप्पा. पुढची सतरा घरं दिसतच न्हाईत.”

“न्हाई दिसली तर काय बिघडलं?”

“त्यातलं एक माझं हाय. फोटो ऱ्हाणार.”

“गावात किराणा माझ्याच दुकानात मिळतो, ध्यानात ठेव.”

“ठेवलंय की. दुकानाची पाटीबी फोटोत आलीय.”

पावणेदहाला गाडी लागली. दोघेही चढले. लॅपटॉप उघडाच होता आणि पडद्यावर चौदा नंबरचा फोटो होता.