समुपदेशनाचा रकाना

शकू : नाय सर, या कागदावर मी सही करणार नाय.

हेमचंद्र सर : अहो शकूताई, पूर्ण वाचलात तरी का? पाच वाजता मला हा अहवाल घेऊन कर्जतला पोचायचंय. शाळा समितीतल्या एका पालकाची सही लागते, म्हणून बोलावलं तुम्हाला.

शकू : दोनदा वाचला. ‘शाळेतील सर्व एकशे बेचाळीस विद्यार्थ्यांचे समुपदेशन करण्यात आले.’ पुढं ‘हो’च्या रकान्यात तुमी बरोबरची खूण पण करून ठेवलीत. कोणाचं झालं वो समुपदेशन?

हेमचंद्र सर : झालं की! गोमा मास्तर आले होते कडावहून. सगळी मुलं हॉलमध्ये बसवली, दोन तास कार्यक्रम झाला. फोटो आहेत. शाल-नारळ तर तुमच्याच हातून दिला.

शकू : दिला ना. नाव पण मीच सुचवलं त्यांचं. तुमी बैठकीत सांगितलंत, नवा कायदा आलाय, पोरांच्या मनाची काळजी घ्यायला दर शाळेला समुपदेशक पाहिजे. मला वाटलं उपदेशक. सम म्हंजे सगळ्यांना सारखा. आमच्या बाजूला उपदेश करण्यात गोमा मास्तरांचा हात कोण धरणार? म्हटलं, बोलवा त्यांनाच.

हेमचंद्र सर : मग आता तुम्हीच माघार घेता?

शकू : माझी चूक हाय, म्हणून तर भांडायला आले. पण सर, मी दूध घालणारी बाई. तुमी तीस वर्षं मराठी शिकवताय. तुमाला फरक ठाऊक होता की नाय?

हेमचंद्र सर : विषय तो नाहीये...

शकू : होता की नाय, तेवढंच सांगा.

हेमचंद्र सर : होता.

शकू : मग मला अडवलं का नाय?

हेमचंद्र सर : कारण शिकलेला समुपदेशक मी आणणार कुठून? पत्र आलं, समुपदेशन उरकायला मुदत चार दिवसांची. तुम्ही नाव काढलंत, सगळ्यांनी माना डोलावल्या. मला सोयीचं झालं. बस? झालं समाधान?

शकू : नाय झालं.

हेमचंद्र सर : ताई, दोन तासांच्या भाषणानं कुणाचं काय बिघडलं? करा सही आणि संपवा. आणि हो, तुमच्या संजनाचा ताप उतरला का? बरेच दिवस दिसली नाही वर्गात.

शकू : बारा दिवस. तिला ताप नव्हताच.

हेमचंद्र सर : अर्जात तुम्हीच लिहिलंय ताप.

शकू : मग काय लिहू? धडधड लिहू?

हेमचंद्र सर : म्हणजे?

शकू : घ्या! सगळ्या शाळेला ठाऊक, मुख्याध्यापकांनाच पत्ता नाय. भाषणाआधी मास्तरांनी पोरांना सांगितलं, कोणाला काय त्रास असेल तर मला सांगा. माझी येडी गेली की सांगायला. म्हणाली, पेपर हातात आला की छातीत धडधडतं, हात कापतात, वाटतं पळून जावं. आईला नाय सांगितलं तिनं, सर. मला नाय. त्यांना सांगितलं, कारण तुमचा कायदा बोलला होता, सांगा म्हणून.

हेमचंद्र सर : आणि मास्तर काय म्हणाले?

शकू : तिला काय नाय. स्टेजवर चढून सगळ्यांना म्हणाले, आठवीत एक मुलगी हाय, अभ्यास टाळायला छातीत धडधडतं म्हणते, अशी नाटकं करू नका. नाव घेतलं नाय त्यांनी. पण आठवीत पोरी अकरा. परीक्षेच्या पहिल्या दिवशी पेपर सोडून बाहेर कोण पळाली होती, ते सगळ्यांनी बघितलेलं. आता ती वर्गात शिरली की पोरं बाक वाजवतात. धडधड आली, धडधड आली!

हेमचंद्र सर : अरे देवा. मी स्टेजवरच बसलो होतो.

शकू : तुमी हसलात पण. तिनंच सांगितलं मला.

हेमचंद्र सर : सगळे हसले म्हणून... लक्ष नव्हतं माझं. खरंच नव्हतं.

शकू : मास्तरांकडे गेले होते मी काल. रडले वो म्हातारे. म्हणाले, शकू, आमच्या वेळी असंच करायचे गं. त्यांच्यावर माझा राग नाय. चुकलं कुठं ते त्यांना निदान कळलं तरी.

हेमचंद्र सर : संजनाची मी माफी मागतो. त्या पोरांना आजच सरळ करतो. पण अहवालाचं वेगळं आहे हो. ‘नाही’ लिहिलं तर नोटीस येईल माझ्या नावावर. चौदा महिने राहिलेत निवृत्तीला. आजवर एक डाग नाही.

शकू : आणि ‘हो’ लिहिलं तर?

हेमचंद्र सर : तर फाईल बंद. कुणाला त्रास नाही.

शकू : कुणाला त्रास नाय कसा? दहिवलीला ज्यांच्याकडे दूध घालते ना, त्या निशिगंधाबाईंनी मला मोबाईलवर तुमचा कायदा वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, जिथं माणूस नाय तिथं तालुक्यानं शिकलेला माणूस पाठवायचा. पण शाळेनं ‘नाही’ लिहिलं तरच. तुमी ‘हो’ लिहिलं, म्हंजे एकशे बेचाळीस पोरांचा दरवाजा तुमी आतून कडी घालून बंद केला.

हेमचंद्र सर : आज ‘नाही’ लिहिलं म्हणून उद्या कुणी येणार नाही, शकूताई. सरकारी काम आहे.

शकू : उद्या नको. दिवाळीनंतर येऊ दे. मी दर सोमवारी पंचायत समितीत जाऊन बसेन. दुधाचा कॅन घेऊन बसेन, हाकलतील तर परत जाईन. पण कागदावर ‘हो’ असलं तर कुठल्या तोंडानं जाऊ? ते म्हणतील, बाई, तुझी सही हाय की खाली.

हेमचंद्र सर : दुसऱ्या पालकाची सही घेतली तर?

शकू : घ्या की. समितीतल्या सोमीची घ्या, ती कागद न वाचता देईल. आणि मग मला सांगा, आजची झोप कशी लागली.

हेमचंद्र सर : फार कठोर बोलता हो तुम्ही.

शकू : घाबरलेय मी, सर. पोरगी ताटावर बसते आणि नुसता भात चिवडते. काल म्हणाली, आई, मी शाळा सोडते, तुझ्यासोबत दूध घालते. तेरा वर्षांची हाय वो! माझी शाळा सातवीत सुटली, तिची मी सुटू देणार नाय. मेले तरी नाय.

हेमचंद्र सर : द्या इकडे तो कागद.

शकू : फाडणार?

हेमचंद्र सर : खोडतोय. ‘नाही.’ आणि खाली शेरा लिहितो. ‘प्रशिक्षित समुपदेशक उपलब्ध नव्हते. त्याऐवजी भाषण ठेवले. त्यातून एका विद्यार्थिनीला त्रास झाला. जबाबदारी माझी. समुपदेशक तातडीने पाठवावेत.’ चालेल?

शकू : ‘तातडीने’खाली रेघ मारा.

हेमचंद्र सर : मारली. आता?

शकू : आता आणा पेन.

हेमचंद्र सर : संजना घरी आहे?

शकू : फाटकापाशी हाय, कट्ट्यावर. इथवर आली माझ्याबरोबर. आत यायला पाय उचलत नाय तिचा.

हेमचंद्र सर : मी जाऊ तिच्याकडे?

शकू : तुमचे पाच वाजतील.

हेमचंद्र सर : वाजू देत. कर्जतला सात वाजेपर्यंत रिक्षा असतात. तालुक्याच्या शिक्षण साहेबांच्या घरी नेऊन देईन.

(फाटकाजवळचा कट्टा. शकू मागे, वऱ्हांड्यातच थांबली आहे.)

हेमचंद्र सर : संजना.

संजना : सर, मी आत येणार नाय.

हेमचंद्र सर : नको येऊस. मी तुला न्यायला नाही आलो. त्या दिवशी मी हसलो, ते चुकलं माझं. मला माफ कर.

(संजना कट्ट्यावरचा खडा उचलून फाटकाबाहेर टाकते.)

हेमचंद्र सर : तुला काही सांगायचंय मला?

संजना : आता नाय.

हेमचंद्र सर : बरं. इथं बसलो तर चालेल?

संजना : बसा. पण काय समजावू नका, सर.

हेमचंद्र सर : नाही समजावत. सरक थोडी.