ताटात उरलेलं लॉक

माफ करा वैजनाथमामा, डब्यावरच्या चिठ्ठीत अक्षरं चुकली असतील — सातवीतनं शाळा सुटली, बोलताबी साधंच येतं — पण हा उरल्या सामानाचा डबा तुमच्याच जीपचा हाय. इंजिन बांधून झालं आन् पार्ट ठेवायच्या ताटात तीन चिजा उरल्या. व्हय, तीन. घाबरू नगा. हा वायसर जुना, नवा घातला म्हणून उरला. हा बोल्ट मोडक्या पट्टीचा — पट्टीच फेकली, मग बोल्ट कुठं लावायचा? आन् तिसरं डब्यात न्हाय. जोडव्याएवढं, तारेचं. लई येळ हातात धरून बसलो, हे कशाचं म्हणून. खोटं कशाला बोलू, बघताक्षणी कळलं होतं. गजन पिनचं लॉक. पिस्टनमधली पिन सरकू नये म्हणून दोन्ही अंगाला एकेक बसतं. ते न्हाय घातलं तर पिन सरकून सिलिंडर खरवडती — भर हायवेवर इंजिन जाम, आन् मागनं ट्रक. म्हणून सगळं परत खोललं, लॉक बसवलं, म्हणून तुमाला तीन दिवस जास्त लागले.

चूक कुणाची? माझीच. उस्ताद चारचौघांत म्हणले न्हाईत का, पोराच्या हातनं ऱ्हायलं? तेच धरा. पिस्टनला तर ते मला हातबी लावू देत न्हाईत, आपल्याच हातानं —

असं काय बघता मामा?

बरं. निघालं तोंडातनं. ईरण्णा उस्तादांनीच बसवलं होतं. चाळीस वर्सं इंजिनं बांधली त्यांनी, चिठ्ठी न्हाय, खूण न्हाय, सगळं डोक्यात. आता इसरतात. हे चौथं इंजिन. ते घरी गेले की म्या खोलून बघतो, ऱ्हायलेलं बसवतो, आन् गप बसतो. वाईट? — न्हाय, वाईट वाटत न्हाय. काहीच वाटत न्हाय. हात चालतात नुसते.

पण तुमी म्हणला होता, नातवंडं घेऊन जायचंय ह्याच गाडीत. तवा हे लॉक घावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आले, बाह्या सारल्या, पिस्टन आण म्हणले — आन् म्या त्यांच्या म्होरं डिझेलचं घमेलं ठेवलं. नट-बोल्ट धुवायला. नव्या पोराला पहिल्या दिवशी देतात ते काम. मला त्यांनीच दिलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली बसले आन् धुवायला लागले. तवापासनं माझ्याशी बोलले न्हाईत —

चावी घ्या, आले बघा. — व्हय उस्ताद, मामांना तेच सांगत होतो. माझ्याच हातनं ऱ्हायलं होतं.

निघा मामा.