ब्रेकला वंगण

बारामतीत हाडांच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसलो होतो. शेजारी निमगाव केतकीचं एक म्हातारं जोडपं होतं. आबा चाकांच्या खुर्चीत, आजी बाकावर. आबा बाकावर सरकायला निघाले, तशी आजी म्हणाली,

"बाकावर सरकायच्या आधी ब्रेक बगा."

"दोन्ही चाकांचं लावल्यात."

"घट्ट बसल्यात का पर?"

"काल वंगण दिलंय. लोण्यावानी बसत्यात."

"ब्रेकला वंगण?"

"चाकाच्या आसाला दिलं, उरलं ते ब्रेकला आन टायरला चोपडलं. चाळीस वर्सं बैलगाडी हाकली म्या, वंगणात कधी हात आखडला न्हाय."

"गाडी थांबवायला बैल हुतं. हितं ही पट्टीच चाक धरती. तिला तेल लावल्यावर ती काय धरंल?"

"तासभर झाला बसलोय. खुर्ची बोटभर तरी हलली का?"

"न्हाय हलली."

"मग?"

"चाकामागं माझा पाय हाय."

"तासभर?"

"व्हय."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"म्हणलं, वंगणाचं कौतुक सरू द्यावं. आता त्यो खांद्यावरचा टावेल द्या हिकडं, पट्टी आन टायर पुसते."

"टावेल नवा हाय."

"पाय जुना हाय. द्या."