आर्वोच्या इंजिनाचा आवाज

पास्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, दुकानातली दुपारची रांग दारापर्यंत पोचली होती. हेल्मीचे हात गरम पास्ट्या कागदात गुंडाळत होते, पण कान होते समोरच्या आयली आणि ताउनो या बहीणभावाकडे. संध्याकाळी स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरच्या गाड्यांच्या, क्लबात घरगुती सिनेमांची स्पर्धा होती, आणि बर्फातल्या एकाच चढाईचे दोघांनी दोन सिनेमे केले होते.

“माझाच सिनेमा द्यायचा,” ताउनो म्हणाला. “ एवढं महागाचं सॉफ्टवेअर घेतलंय, चित्र जराही हलत नाही.”

“आणि आवाज?”

“तोही साफ. नको तो गोंगाट ते आपोआप काढून टाकतं.”

“गोंगाट? अरे, बाबांच्या जुन्या स्नोमोबिलचं इंजिन होतं ते! तीन हिवाळे खपून चालू केलं आपण.”

“तुझ्या फुकटातल्या सॉफ्टवेअरला काही काढताच येत नाही, म्हणून राहिलं ते.”

“म्हणून तर मी तेच घेतलं. थांब, ऐकवतेच.”

“अगं, इथे रांगेत?”

आयलीनं फोन उंच धरला. फटफटाट दुकानभर घुमला. पार शेवटी, रस्त्याकडे तोंड करून उभा असलेला म्हातारा वाइनो गर्रकन वळला.

“अरे, हे तर तुमच्या बापाचं, आर्वोचं धूड! चढावर असंच खोकायचं. ते अजून जिवंत आहे?”

“आहे, वाइनोकाका! संध्याकाळी क्लबात या.”

“येतो म्हणजे काय! परत लाव, पोरी. मोठ्यानं लाव.”

आयलीनं पुन्हा लावलं. रांगेत टाळ्या पडल्या. मग ती भावाकडे वळली.

“हं दादा, आता तुझा ऐकव.”